रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण कुठल्या तारखेचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा २६ वर्षांचा, राहायला डोंबिवलीला, नोकरी अंधेरीत. १ फेब्रुवारीच्या रात्री डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या मुलीशी संबंध आला आणि कंडोम फाटला. ५ तारखेपासून लघवीला जळजळ. मेडिकलवाल्याने अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या दिल्या, जळजळ कमी झाली. सकाळी उठल्यावर मात्र अजून एखादा चिकट थेंब येतो. ८ तारखेला दोन वर्षांपासूनच्या मैत्रिणीसोबत कंडोमशिवाय संबंध. ९ तारखेला लॅबचा माणूस घरी बोलावून रक्त दिलं, एचआयव्ही निगेटिव्ह आला. आज १२ तारीख. विचारणं असं की मी सुटलो का, मैत्रिणीला सांगायलाच हवं का, आणि पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून काय करू? शेवटी एक वाक्य जोडलंय, ‘मुलगी चांगल्या घरातली होती.’

गेली १९ वर्षं मी महापालिकेच्या एका रुग्णालयात एचआयव्ही चाचणी केंद्रावर समुपदेशक आहे. समोरचा खुर्चीत टेकला की ‘काय झालं?’ असं मी विचारत नाही. ते तो सांगतोच, आणि पहिल्यांदा बहुतेक वेळा मित्राचं म्हणून सांगतो. मी विचारते, ‘कधी?’ आमच्याकडे सगळं उत्तर तारखेवर फिरतं. कालची रात्र असेल तर एक सल्ला, दहा दिवसांपूर्वीची असेल तर दुसरा, तीन महिन्यांपूर्वीची असेल तर तिसराच. तुम्ही सगळ्या तारखा लिहिल्यात, अर्धं काम झालं. आता त्या तारखांनीच जाऊ.

१ फेब्रुवारी. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेला असतात तर पीईपी, म्हणजे घटनेनंतर एचआयव्हीची लागण टाळायला घ्यायची गोळी, सुरू करता आली असती. विषाणू आत शिरला की लगेच बस्तान बसवतो असं नसतं. नाजूक त्वचेखालच्या पेशींमधून तो आधी जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत जातो, मग रक्तात पसरतो, आणि या प्रवासाला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्या काळात औषध पोटात गेलं तर त्याला मुळं धरता येत नाहीत. म्हणून पीईपी शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करायची. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत येतात. रोज एक, २८ दिवस, एकही न चुकवता. सुई टोचलेल्या नर्सला किंवा अत्याचार झालेल्या बाईला ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. तुमच्यासारख्यांना डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात.

तुमचे ७२ तास ४ तारखेच्या रात्री संपले. हे लागावं म्हणून सांगत नाही. मला वाईट याचं वाटतं की आय-पिलचे ७२ तास या शहरातल्या कॉलेजच्या पोरांना पाठ आहेत. मध्यरात्री उघडा असलेला केमिस्ट कुठला हेही पाठ आहे. आणि गंमत म्हणजे त्या गोळीचा संसर्गाशी काडीचा संबंध नाही. ज्या गोळीचा आहे, तिचं नाव मी सांगते तेव्हा दहापैकी नऊ चेहरे कोरे असतात. तुम्ही हे आता वाचलंय तर दोघा मित्रांना सांगून ठेवा, त्यांच्यावर वेळ येईल तेव्हा मी तिथे नसेन.

५ तारीख, जळजळ. संबंधानंतर दोन ते सात दिवसांत लघवीला आग आणि पू, हे परम्याचं, म्हणजे गोनोरियाचं नेहमीचं वेळापत्रक. त्याच्याबरोबर किंवा थोडं मागून क्लॅमिडिया येतो. त्याला एक ते तीन आठवडे लागतात आणि बऱ्याचदा तो काही लक्षणच दाखवत नाही. सकाळची पहिली लघवी करायच्या आधी टोकाशी येणारा तो थेंब, चड्डीवर पडणारा पिवळसर डाग, यांवरून मला तरी वाटतं की तुमचा आजार गेलेला नाही, दबलाय. परम्याचा जंतू मोठा चिवट आहे. एकेक अँटिबायोटिक त्याने पचवलंय. म्हणून सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, अझिथ्रोमायसिन एकटं देत नाहीत, त्याच्या जोडीला सेफिक्झिम असतं आणि दोन्ही एकदमच घ्यायची असतात. त्या पाकिटाचा रंग करडा. प्रत्येक तक्रारीला वेगळ्या रंगाचं किट आहे: अंगावरून पांढरं जात असेल तर हिरवं, जखमेला पांढरं, नागिणीसारख्या पाणी भरलेल्या फोडांना, म्हणजे हर्पिसला, लाल. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ‘करडं पाकीट संपवलं का?’ असं विचारता येतं. डोस मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर हे वाचून कोणीतरी थेट मेडिकलची पायरी चढेल.

मेडिकलवाल्यावर माझा राग कमी आहे. तो निदान खरं औषध देतो. लोकलच्या दाराजवळ चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’च्या स्टिकरवरचा नंबर फिरवणारे लोक आमच्याकडे येतात तेव्हा महिना-दोन महिने आणि बरेच पैसे गेलेले असतात. हातात काळपट पुड्यांची पिशवी असते आणि खाली जखम पसरलेली असते.

तीन गोळ्यांनी आणखी एक घोळ होऊ शकतो. गरमी, म्हणजे सिफिलिस, अर्धवट अँटिबायोटिकने झाकली जाऊ शकते. एरवीही ती मोठी लबाड. संसर्गानंतर दहा दिवस ते तीन महिने कधीही, बहुधा तिसऱ्या आठवड्यात, एक जखम येते. दुखत नाही, खाजत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरून येते. माणूस सुटकेचा श्वास टाकतो. मग कधीतरी तळहाता-तळपायावर तांबूस चट्टे उठतात, तेही विरतात. जंतू आतच राहतो आणि वर्षांनी मेंदू, डोळे किंवा हृदयापर्यंत पोचतो. हा आजार रक्ताच्या व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणीत सापडतो आणि वेळेवर आलात तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. इंजेक्शन कमरेवर आणि चांगलंच दुखतं, एवढीच काय ती शिक्षा. ही चाचणी आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करायची.

८ तारीख. इथे जरा थांबू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात कमी शब्द याच तारखेवर खर्च झालेत.

५ तारखेपासून तुम्हाला लक्षणं आहेत आणि ८ तारखेला संबंध आला. म्हणजे तुमच्याकडे जे होतं ते तिला मिळण्याची शक्यता चांगली आहे. पुरुषाला पू दिसतो, तो घाबरतो, डॉक्टरकडे पळतो. बाईला परमा किंवा क्लॅमिडिया झाला तर अनेकदा काहीच दिसत नाही. दिसलंच तर ‘अंगावरून पांढरं जातंय’ इतकंच, आणि त्याला आपल्याकडे उष्णता म्हणून सोडून देतात, वर सब्जाचं पाणी देतात. जंतू मात्र गर्भाशयातून वर नळ्यांपर्यंत चढतो. नळ्या सुजतात, चिकटतात. चार-पाच वर्षांनी मूल का राहत नाही म्हणून वंध्यत्वाच्या दवाखान्यांचे उंबरठे झिजवणाऱ्यांतल्या काही जणींची गोष्ट अशाच एका न बोललेल्या आठवड्यात सुरू झालेली असते.

त्यामुळे ‘सांगायलाच हवं का?’ याला माझं उत्तर हो आहे, आणि याच आठवड्यात. वैद्यकीय भाग लांबवू नका. ‘मला इन्फेक्शन झालंय, तुलाही झालं असू शकतं, दोघांनी एकत्र औषध घ्यायचंय, उद्या चल’ एवढं पहिलं वाक्य पुरे. ते कुठून आलं हे ती विचारणारच. तेव्हा टॉयलेट सीटचं नाव सांगू नका, आमच्याकडे आल्यावर ते दोन मिनिटांत फुटतं आणि दुसऱ्यांदा खोटं पकडलं गेलं की पहिल्यापेक्षा जास्त लागतं. नातं टिकेल की नाही हे मी सांगू शकत नाही. वीस मिनिटं बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसलेली आणि मग एकाच बाटलीतलं पाणी पिऊन गेलेली जोडपी मी पाहिलीत. बाकावरूनच उठून वेगवेगळ्या दिशेने गेलेलीही पाहिलीत.

एकाने मला विचारलं होतं, ‘मॅडम, तिच्या गोळ्या माझ्याकडे द्या ना, मी चहात विरघळवतो.’ माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. मी त्याला विचारलं, ‘तिला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?’ माहीत नव्हतं. ‘पाळी कधी आली?’ माहीत नव्हतं. या आजारांवरची काही औषधं गरोदरपणी चालत नाहीत. चहा हा उपाय तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आला.

दोघांचे उपचार झाल्यावर निदान सात दिवस संबंध नको. एकाने औषध घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर हा आजार कॅरमच्या सोंगटीसारखा इकडून तिकडे आपटत राहतो. ‘तीनदा औषध घेतलं, पुन्हा येतं’ म्हणणाऱ्या बायकांच्या केसपेपरवर नवऱ्याच्या उपचाराची ओळ कोरी असते.

९ तारखेचा रिपोर्ट. तो खोटा नाही. फक्त १ तारखेबद्दल बोलत नाही. साध्या चाचण्या विषाणू शोधत नाहीत, विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधतात, आणि ती बनायला काही आठवडे जातात. चौथ्या पिढीची म्हणतात ती चाचणी विषाणूचा एक तुकडाही शोधते, म्हणून ती थोडी लवकर सांगते. पण आठव्या दिवशी तीही गप्प असते. तुमचा तो कागद नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या आयुष्याचं प्रशस्तिपत्रक आहे, जपून ठेवा, पुढे तुलना करायला उपयोगी पडेल. काही खासगी लॅब रक्त घेताना ‘संबंध कधी आला?’ हे विचारतही नाहीत, आणि रिपोर्टखाली ‘विंडो पीरियड’ची, म्हणजे लागणीनंतर चाचणी गप्प असते त्या काळाची, सूचना इतक्या बारीक अक्षरात छापतात की ती वाचायला भिंग लागेल. मोबाईलवर ठळक अक्षरात निगेटिव्ह आलं की माणूस त्या रात्री निर्धास्त होतो. धोका नेमका त्या निर्धास्तीत आहे. एचआयव्हीची लागण झालीच असेल तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणूचं प्रमाण प्रचंड असतं, आणि चाचणी अजून निगेटिव्हच असते.

तुमच्या तारखा म्हणून अशा. चौथ्या पिढीची चाचणी लॅबमध्ये, शिरेतून रक्त देऊन, ४५ दिवसांनी, म्हणजे १८ मार्चला. ती निगेटिव्ह आली की बहुतांश चिंता मिटली. शेवटची चाचणी तीन महिने पूर्ण झाल्यावर. ती तारीख १ मे येते, पण त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, ओपीडी बंद. २ मेला या. तोपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम, आणि रक्तदान करायचं नाही. ऑफिसात शिबिर लागलं, सगळे रांगेत उभे राहिले, तरी नाही. ‘सर्दी झालीय’ म्हणा.

या तीन महिन्यांत घसा दुखला, ताप आला, अंगावर पुरळ आलं तर गूगल करत बसू नका. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी काहींना असं होतं हे खरं. पण तीच लक्षणं मुंबईत कुठल्याही आठवड्यात निम्म्या डब्याला असतात. लक्षणावरून एचआयव्ही ओळखता येत नाही. मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही.

धोका मुळात किती होता? देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. उपचार न घेणाऱ्या पॉझिटिव्ह स्त्रीशी एकदा योनिमार्गे संबंध आल्यास पुरुषाला लागण होण्याचा सरासरी अंदाज दहा हजारांत चारच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवलेत की रात्रीची झोप बरीचशी परत येईल. पण मला आकड्यांवर पूर्ण विसंबायचं नाहीये. तुम्हाला पू आला, याचा अर्थ त्या रात्री काहीतरी इकडून तिकडे गेलं. ज्या रस्त्याने परमा आला तोच एचआयव्हीचाही रस्ता, आणि सूज किंवा जखम असली की तो रस्ता रुंद होतो. गुदमार्गे संबंधात आत घेणाऱ्या व्यक्तीला धोका कितीतरी पट जास्त, एका वेळेला एक टक्क्याहून थोडा अधिक. मुखमैथुनात एचआयव्हीची शक्यता फार कमी, पण परमा आणि गरमी घशातही होतात. डास, घाम, एका ताटात जेवणं, लोकलमधली चेंगराचेंगरी यांनी एचआयव्ही होत नाही. हे अजूनही रोज सांगावं लागतं.

आता ते ‘चांगल्या घरातली’. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा शिक्का बनवून घ्यावा म्हणते. घर चांगलं असणं हा रक्ताचा रिपोर्ट नाही. तिनेही कदाचित तुमच्याबद्दल हेच कुणाला तरी सांगितलं असेल, आणि संसर्ग कुणाकडून कुणाकडे गेला हे ठरवायला आपण कोर्ट नाही. तिचा नंबर असेल तर तिलाही एक सरळ मेसेज करा. मी नोकरीच्या सुरुवातीला कामाठीपुऱ्यात क्षेत्रीय काम केलंय. तिथल्या बायका दुप्पट पैसे देऊ करणाऱ्या गिऱ्हाइकाला कंडोमशिवाय परत पाठवताना मी स्वतः दारात उभी राहून ऐकलंय. त्यांच्यातल्याच काहीजणी इतरांना शिकवायच्या, दर महिन्याला तपासणीला घेऊन यायच्या. आणि एमबीए झालेला मुलगा मला सांगतो, ‘तिने मागितला नाही, मग मी कशाला काढू?’

पुढच्यासाठी काय. आधी कंडोमच, कारण तुमचा तोच फाटला.

आमच्या टेबलाच्या खणात लाकडी मॉडेल असतं. एकदा कळव्याचा एक मुलगा म्हणाला, ‘कंपनीच खराब आहे, दोनदा फाटला.’ आहे का जवळ, विचारलं. मागच्या खिशातलं पाकीट काढलं, त्यातून कंडोम. चामड्यावर त्या रिंगणाचा गोल कायमचा उमटलेला. चौकोनी पुडी दोन बोटांत दाबली तर आत हवेची उशी जाणवायला हवी, ती नव्हती. कोपरा दातांनी फाडायला लागला, त्याला थांबवलं. मॉडेलवर चढवला, जरासा ताणला आणि रिंगणाच्या घडीवर तो टरकला. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये तासभर चेपलं जाणारं, अंगाच्या उष्णतेत शिजणारं पाकीट, आणि त्यात कंडोम पाच महिने. रबर दुसरं काय करणार? दुसरा नवा काढून मी त्याला दाखवला. एक्स्पायरी बघायची, हवा बघायची, पुडी हाताने फाडायची. टोक चिमटीत धरायचं म्हणजे हवा राहत नाही, मग उलगडत मुळापर्यंत न्यायचा. उलटा धरला गेला तर पालटून पुन्हा वापरायचा नाही, टाकून द्यायचा, कारण टोकाला ओल लागलेली असते. बाहेर येताना मुळाशी धरून, ताठरपणा असतानाच.

त्याच मुलाने जाताना दारातून विचारलं, ‘खोबरेल तेल चालतं ना?’ नाही चालत. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. व्हॅसलीन, लोशन, तूप, सगळं त्यातच आलं. कोरडेपणा असेल तर पाण्यावर आधारित जेली घ्या. एकावर एक दोन चढवले की डबल सुरक्षा, हीही समजूत चुकीची. घासून दोन्ही फाटतात.

निरोध म्हटलं की लोक हसतात. १९६८ साली १५ पैशाला तीन मिळायचे, तेव्हापासून ही थट्टा चालू आहे. आमच्या खोलीबाहेर खोका असतो, मोफत. हसत हसत मूठभर उचलून नेतात, मी दुसरीकडे बघते.

प्रेप ही दुसरी गोष्ट. पीईपी ही घटनेनंतरची, प्रेप आधीची. टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिनची गोळी रोज घेतली तर एचआयव्हीपासून फार चांगलं संरक्षण मिळतं. आपल्याच देशात बनते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. सुरू करण्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री, मूत्रपिंडाची आणि हेपटायटिस बीची, म्हणजे एका प्रकारच्या काविळीची, तपासणी लागते, पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी. ज्यांचे संबंध अनेकांशी येतात आणि कंडोम प्रत्येक वेळी जमत नाही, जे पुरुष पुरुषांशी संबंध ठेवतात, ज्यांचा जोडीदार पॉझिटिव्ह आहे आणि उपचार नुकतेच सुरू झालेत, त्यांनी जरूर विचारावं. एका फाटलेल्या कंडोमसाठी तुम्ही वर्षभर रोज गोळी घ्यावी असं मी म्हणणार नाही. आणि एक लक्षात ठेवा: प्रेप एचआयव्हीच थांबवते. परमा, गरमी, क्लॅमिडियाला ती ओळखतही नाही.

लसी दोन आहेत, आणि त्यांच्याबद्दल कोणी विचारतच नाही. हेपटायटिस बी संबंधातून पसरतो, शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही आठवडाभर जिवंत राहतो. त्याची लस तीन डोसांत, ० – १ – ६ महिने. लहानपणी घेतली का हे आईला विचारा, नसेल तर घ्या. दुसरी एचपीव्हीची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ साली बाजारात आली. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारे दोन मुख्य प्रकार आणि जननेंद्रियावरच्या चामखिळींचे दोन, असे चार ती अडवते. संबंध सुरू होण्याआधी घेतली तर उत्तम, नंतरही २६ वर्षांपर्यंत उपयोग आहे. मुलांनीही घ्यावी. एचपीव्ही आणि हर्पिस आजूबाजूच्या कातडीवरूनही लागतात, तिथे कंडोम अर्धाच पुरतो.

आणि समजा, २ मेला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? शक्यता कमी आहे, पण हा प्रश्न न विचारता माणूस माझ्या खोलीतून बाहेर पडला तर तीन महिने तो त्याच प्रश्नासोबत झोपतो. पहिली गोष्ट, एका चाचणीवर आम्ही कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाही, तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्या तरच. दुसरी, औषध मोफत आहे. १ एप्रिल २००४ ला देशातल्या मोजक्या रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सुरू झाली, त्यांत आपलं जेजे होतं. त्याच्या आधीचे दिवस आमच्या जुन्या नर्सेस अजूनही हळू आवाजात सांगतात. आज केईएम, सायन, नायर सगळीकडे एआरटी केंद्रं आहेत. रोज एक गोळी. विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की शारीरिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. माझ्याकडे एक जोडपं येतं, ती पॉझिटिव्ह, तो नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली, मुलगी तिसरीत आहे आणि निगेटिव्ह आहे. दर वेळी मुलगी माझ्या टेबलावरचं पेन पळवते.

मला विचाराल तर नियमाने गोळी घेणारा पॉझिटिव्ह माणूस कधीच चाचणी न केलेल्या ‘चांगल्या घरातल्या’पेक्षा कितीतरी सुरक्षित.

ऑफिसात कळेल, ही भीती तुम्ही लिहिली नाहीत पण आहे, हे मला माहीत आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, तुमचा रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय कंपनीला जात नाही, आणि पॉझिटिव्ह म्हणून नोकरीवरून काढता येत नाही.

तर उद्या सकाळी हे करा. डोंबिवलीत ओळखीचं कोणी भेटेल असं वाटत असेल तर परळ, सायन, मुंबई सेंट्रल, कुठेही जा, पत्त्याची अट नाही. बरेच लोक मुद्दाम लांबचं केंद्र निवडतात. जवळचं केंद्र शोधायचं असेल तर १०९७ वर फोन करा, मोफत आहे. रांग मोठी असते म्हणून साडेआठपर्यंत पोचा. जमलं तर लघवी न करता या, म्हणजे तो सकाळचा थेंब डॉक्टरांना काचेवर घेता येईल. अझिथ्रोमायसिनची रिकामी स्ट्रिप सोबत आणा. मैत्रीण येत असेल तर तिचा वेगळा केसपेपर काढा. केसपेपरच्या खिडकीवर मागे वीस माणसं उभी असतात आणि आतली बाई मोठ्याने विचारते, ‘काय होतंय?’ तिथे एवढंच म्हणा, ‘स्किन.’ सुरक्षा क्लिनिक बहुतेक ठिकाणी त्वचारोग ओपीडीतच असतं. ती केसपेपरवर शिक्का मारून खोली नंबर सांगेल, पुढे विचारणार नाही.